जुईच्या छातीतला कोळसा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात निर्मला पिंपळशेंडेच्या सात वर्षांच्या मुलीला, जुईला, तिच्या आजोबांचा खोकला आला. आजोबांसारखा नव्हे, आजोबांचाच. आधी दोन बारीक ठसके, मग खडी घरंगळावी तसा एक लांबलचक, आणि शेवटी थकलेला उसासा. उसासा टाकून जुई पुन्हा चित्र रंगवू लागली.

आबाजी शेजारी शेंगा फोडत बसले होते. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. त्यांच्या खोकल्यावरून गल्लीला सकाळ झाल्याचं कळायचं. पण गेल्या आठ दिवसांत ते एकदाही खोकले नव्हते, हे निर्मलाच्या आत्ता लक्षात आलं.

"आबाजी, हा तुमचा आहे."

"माझाच हाय," आबाजी खालच्या आवाजात म्हणाले. "मले वाटलं, बरा झालो."

चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसवर गेला तेव्हापासून चौघं एसीच्या खोलीतच राहत होते. निर्मलाच्या नवऱ्याने, दिवाकरने, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली होती आणि खिडकीला चिकटपट्टी लावली होती. जेवण तिथेच, जुईचा अभ्यास तिथेच, झोपही तिथेच. एकाने सोडलेली हवा दुसरा घेत होता. इतके दिवस वापरल्यावर कुठला श्वास कुणाचा, हे त्या हवेला आठवेनासं झालं. दिवाकरला निर्मलाच्या सकाळच्या शिंका लागल्या, निर्मलाला त्याचं घोरणं. त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

पण जुई जिना चढताना मध्येच बसायला लागली, तेव्हा निर्मला तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला बराच वेळ नळी लावून ऐकलं.

"ही छाती अडुसष्ट वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "घरात एसी आहे?"

"आहे."

"जाळी कधी धुतली होती?"

निर्मला बोटांवर महिने मोजू लागली.

"जाळी धुवा. रोज सकाळी खिडकी उघडून खोलीतली हवा बदला. आणि ज्याचा श्वास आहे त्याला तो परत द्या. औषध लिहून देते, पण आधी हे करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकरने जाळी उतरवली. तिच्यावर गोधडीसारखा जाड थर होता: निर्मलाच्या शाळेतला खडू, पोळ्यांचं पीठ, जुईची पावडर, सगळ्यांचे केस, आणि मधोमध काळीभोर कोळशाची भुकटी. तीन बादल्या पाणी लागलं.

मग तो खिडकीकडे वळला. खिडकी पाटीएवढी झाली होती. बरेच दिवस न उघडलेली खिडकी आक्रसत जाते. चिकटपट्टी ओढून त्याने ती कशीबशी उघडली. बाहेरची हवा आत आली, पण एका वेळी एकाच माणसापुरती.

"आधी जुई," दिवाकर म्हणाला.

जुई खिडकीशी उभी राहिली. आबाजी समोर गुडघे टेकून बसले, म्हणजे दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"माझा मले दे, पोरी."

"नाही देणार."

"काऊन?"

"तुम्हाला परत खोकला येईल."

"येऊ दे. ओळखीचा हाय तो."

"परवा तुम्ही माझ्याबरोबर गच्चीवर पळत गेला होता," जुई म्हणाली. "माझ्या आधी पोचलात."

आबाजींनी मान हलवली. "गेलो होतो. लय मजा आली. चाळीस वर्षांत असा पळलो नव्हतो." त्यांनी टेकलेला गुडघा चोळला. "पण ते पाय माझे, अन् दम तुझा होता. नातीचा दम घेऊन पळणं बरं नोहे."

जुईच्या डोळ्यांत पाणी आलं. निर्मलाला पुढे व्हावंसं वाटलं, पण उघडल्यावरही खिडकी आक्रसतच होती, आता ती बशीएवढी झाली होती आणि तिच्यासमोर दोघांपुरतीच जागा उरली होती. तिने दिवाकरचा हात धरला. दिवाकर तिच्याच पद्धतीने शिंकला.

"बरं, आधी तुझा तू घे," आबाजी म्हणाले. "मंग माझा दे. कबूल?"

"कबूल."

आबाजींनी हळूहळू श्वास सोडायला सुरुवात केली. तो संपतच नव्हता. त्याला दुधाचा, मेणाच्या खडूंचा आणि कच्च्या कैरीचा वास होता. जुईने तो शेवटच्या थेंबापर्यंत आत घेतला. तिचे गाल लालसर झाले. दर श्वासाला आत ओढला जाणारा तिच्या गळ्याखालचा खळगा बऱ्याच दिवसांनी हलायचा थांबला.

आबाजी आता पूर्ण रिकामे झाले होते. त्यांनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तोंड उघडून वाट पाहू लागले.

जुईने ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, आणि त्यांच्याकडे बघून ती 'नाही, नाही' अशी मान हलवू लागली.