वॉरंटीत न बसणारा उंदीर

आमच्या गाडीचा हॉर्न दाबला की वायपर फिरायचे. डावा इंडिकेटर लावला की आतला दिवा लागायचा, आणि समोरचे मोठे दिवे तर काही केल्या लागत नव्हते. राजुऱ्याच्या नईमभाऊंकडून ही जुनी गाडी घेऊन बावीस दिवस झाले होते. तीन महिन्यांची वॉरंटी होती, म्हणून मी शांत होते. आमचे हे शांत नव्हते, खुशीत होते. "मी सांगतच होतो" हे वाक्य त्यांना आता जेवणाआधी आणि जेवणानंतर म्हणता येत होतं.

आमची उर्वशी एटापल्लीला नर्स आहे. सावलीहून तिच्याकडं जायचं तर बस बदलत बदलत दिवस जातो. दिवाळीत तिला सुटी मिळाली नाही, तेव्हाच मी ठरवलं की गाडी घ्यायची आणि स्वतः चालवत लेकीकडं जायचं. एकोणतीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्यापुढं गाडी काय चीज आहे! पण दिवे गेले आणि ह्यांनी निकाल देऊन टाकला.

"वॉरंटीत बसलं तं ठीक. नाई बसलं तं तिथीच विकून टाकू."

म्हणून आम्ही भर दिवसा राजुऱ्याला निघालो. हे मागच्या सीटवर बसले. पुढं बसले असते तर गाडी मान्य केल्यासारखं झालं असतं ना! मूल गावाच्या पुढं शेळ्या आडव्या आल्या. मी हॉर्न दाबला, वायपर फिरले, आणि शेळ्या थांबून ते बघायला लागल्या. शेवटी ह्यांनाच खिडकीतून तोंड काढून ओरडावं लागलं.

नईमभाऊंचं आवार कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगला लागून आहे. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, आत बॅटरीचा उजेड मारला आणि मान हलवली.

"बाई, उंदीर. समद्या वायरी कुरतडल्या."

कागदपत्रं त्यांची मुलगी शाजिया सांभाळते. तिनं वॉरंटीचा कागद आणून वाचला. उंदीर, घूस आणि माकड यांनी केलेलं नुकसान त्यात बसत नव्हतं.

"पण उंदीर तुमच्या इथचाच नाई कशावरून?" मी आवाज चढवला.

नईमभाऊंनी डिकी उघडली. आत तांदूळ सांडलेला होता. उर्वशीसाठी नव्या तांदळाचं पोतं मी गाडीत ठेवलं होतं. मग तिची ड्युटी बदलली, जाणं लांबलं, तरी पोतं आठ दिवस तिथंच राहिलं. सामान भरून ठेवलं की जाणं पक्कं होतं, असं मला आपलं वाटतं.

"उंदराले जेवाले तुम्ही बोलावलं बाई, आन बिल मले देऊन राह्यल्या?"

स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. लेकीकडं जायची वाट मीच माझ्या हातानं बंद केली होती. आता "मी सांगतच होतो" ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली.

पण हे भलतीकडंच वाकले होते. नईमभाऊंनी वायरींमागून उंदराचं घरटं ओढून जमिनीवर टाकलं होतं. ह्यांनी त्यातला एक पांढरा गोळा उचलून चिमटीत चोळला.

"हा कापूस हाय."

"असन. मंग?" नईमभाऊ म्हणाले.

"आमच्या गावात कापूस कोण लावते? आमच्याकडं धान. तिथल्या उंदरानं तणसीच्या काड्यांचं घर बांधलं असतं."

"घरच्या गादीतला असन, भाऊ."

"गादीच्या कापसात सरकी असते का?" ह्यांनी गोळ्यातून एक बी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हा जिनिंगात जायच्या पहिलेचा कापूस हाय. घर त्यानं इथीच बांधलं. उंदीर तुमचा, नईमभाऊ. आमच्या इथी तो निस्ता पाहुणा म्हणून जेवला."

"आमच्या आवारात उंदीर नाई!"

"अब्बा, मंग तुमची नवी चप्पल कोनं खाल्ली?" शाजिया म्हणाली, आणि तिनं कागदाची मागची बाजू वाचून दाखवली. गाडी ताब्यात देण्याआधीचा दोष निघाला, तर दुरुस्ती विक्रेत्यानं फुकट करायची होती.

नईमभाऊंनी हात जोडले. "हारलो, भाऊ. पूरं वायरिंग बदलून देतो, आठ दिवस लागतीन. नाईतं असं करा, गाडी ठेवून जा, पैसे पूरे वापस घ्या. घेतानीच तुम्ही म्हणत होते का गाडी नको."

ह्यांना बावीस दिवस हेच तर हवं होतं, आणि आता ते फुकटात समोर आलं होतं.

"दुरुस्त करा," हे म्हणाले. "आन आठ म्हंजे आठच दिवस. पोरगी वाट पाहून राह्यली. तिची माय सोता गाडी चालवत येऊन राह्यली म्हणून मी तिले सांगून ठेवलं हाय."

"अजी, कवा सांगतलं तुम्ही?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं न बघता धोतराला हात पुसले.

"गाडी घेतली त्याच दिवशी."