पातळवाला ग्लू

माणूस चिकटवायला काय मागतो, त्यावरून तो कसा आहे ते ओळखता येतं. पारनेरच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात एकवीस वर्षं बसून मी एवढं शिकले. "चांगल्यातला द्या" म्हणणाऱ्याला काय तुटलंय ते सांगायचं नसतं. "स्वस्तातला द्या" म्हणणारा दुसऱ्याची वस्तू जोडत असतो. आणि काहीच न मागता काउंटरवर कोपर टेकून जो सल्ले देत उभा राहतो, तो आमच्या शेजारचा सुनील.

सुनीलचं पंक्चरचं दुकान माझ्या भिंतीला लागून. तोंडात तंबाखू, बोटांना ग्रीस, आणि ती बोटं माझ्या काउंटरच्या काचेवर. दिवसातून चार वेळा मी काच पुसते, त्यातल्या तीन वेळा सुनीलच्या नावच्या. पिचकारी टाकायला तो उंबऱ्याकडं निघतो खरा, पण पोचतोच असं नाही.

त्याचा भाचा आदिनाथ, वय पंचवीस, त्याच्याच हाताखाली राबायचा. त्यानं जुने पार्ट जमवून रिमोटवर पळणारी हातभर लांबीची गाडी उभी केली होती. सुप्याजवळ मोकळ्या प्लॉटवर रविवारी अशा गाड्यांची शर्यत होती. पुण्याचे दळवी सर तिथं येणार होते. त्यांचं या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. त्यांनी आदिनाथला फोनवर सांगितलं होतं, "नंबर नाही आला तरी चालेल. तुझ्या हातची गाडी चारही टायरांवर दहा फेऱ्या पुऱ्या करू दे, एक तारखेपासून कामाला ये." मामाच्या हाताखालून निघायचा आदिनाथपुढं तेवढाच एक रस्ता होता. तसं त्यानं मला बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या आठवड्यात तो रोज दाढी करून येत होता.

या गाड्यांच्या टायरात हवा नसते. आत स्पंज, वर रबर, आणि ते प्लास्टिकच्या रिमवर चढवून कडेनं चिकटवायचं. ग्लू चुकला की वळणावर टायर रिम सोडून पळतो.

गुरुवारी आदिनाथ तीन जुनी चाकं घेऊन आला. "काकू, तीन तऱ्हेचे ग्लू द्या. लावून बघतो, मग ठरवतो."

"बघायचं काय त्यात?" सुनील काचेवर कोपर टेकवून म्हणाला. "आपलं पंक्चरचं सोल्युशन लाव. टेंपोची ट्यूब धरतंय, तुझं खेळणं न्हाई धरायचं व्हय?"

"मामा, ट्यूब रबर हाय. रिम प्लास्टिकची हाय."

"चिकटायचं त्येला काय कळतं, रबर का प्लास्टिक!"

आदिनाथनं वाद घातला नाही. एका चाकाला मामाचं सोल्युशन लावलं, दुसऱ्याला दोन नळ्या कालवून करतात तो घट्ट ग्लू, तिसऱ्याला पाण्यासारखा पातळ, टेकताक्षणी धरणारा. संध्याकाळी तिन्ही चाकं पिळून पाहिली. सोल्युशनवाला टायर सुटला आणि रिमपासून टायरापर्यंत लांबच लांब पिवळट तार आली. सर्दी झालेल्या पोराच्या शेंबडासारखी. सुनीलनं ती तार बोटावर गुंडाळली, गोळी केली आणि माझ्या काउंटरच्या कडेला चिकटवून ठेवली. दोन नळ्यांचा ग्लू दगडासारखा झाला होता, पिळल्याबरोबर तडकला. पातळवाला मात्र हलेना. शेवटी रबर फाटलं, जोड तसाच.

"हाच," आदिनाथ म्हणाला.

"कडेत आपोआप उतरतो हा," मी म्हणाले. "पण टायर आणि रिम स्पिरिटनं पुसून घे. लावायच्या अगदी आधी. तेलाचा हात लागला तर हा ग्लू रुसतो."

"मामीवानी," सुनील म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याचा चेहरा मात्र आंबला होता. भाच्यानं सोल्युशन नाकारलं हे त्यानं कुठं तरी मांडून ठेवलं होतं.

शनिवारी दुकान वाढवायच्या वेळी सुनील आला आणि टायर चमकवायच्या तेलकट पॉलिशची बाटली मागितली. हे त्याचं नेहमीचं. त्याच्या दुकानातून ट्रॅक्टर निघो की मोटारसायकल, टायरावर पॉलिशचं फडकं फिरवल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. गिऱ्हाइकाला पंक्चर दिसत नाही, चकाकी दिसते, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

"आता कुणाचा ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"भाचा मैदानात उतरणार उद्या, वहिनी. काळेकुळकुळीत दिसाय नकोत का टायर?"

"लावा, लावा. नवरदेवाला पावडर लावताय जणू," मी म्हणाले, आणि बाटली दिली. टायर चिकटवून झाले असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही. टोमणा सुचला होता, त्याच्या आनंदात विचारायचं राहिलं.

झालं होतं असं, की आदिनाथनं शनिवारी संध्याकाळी टायर आणि रिमा स्पिरिटनं पुसून कागदावर मांडून ठेवल्या होत्या, सकाळी चिकटवायला. मधल्या वेळात मामाचं फडकं फिरलं, आतबाहेर, सढळ हातानं. सकाळी आदिनाथनं त्याच टायरांना ग्लू लावला. काळ्या रबरावर काळी चकाकी त्याला कळली नाही.

रविवारी मीही मैदानावर गेले होते. सुनीलनं नारळ फोडला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. लिंबू चाकाच्या निम्म्यानं, गाडी काही त्यावर चढेना, तेव्हा त्यानं लिंबं दातानं तोडून फोडी ठेवल्या. तंबाखूच्या दातानं. लोक टाळ्या वाजवत होते.

गाडी सुटली आणि छान सुटली. पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीच्या वळणावर मागचा टायर निसटला आणि घरंगळत दळवी सरांच्या बुटाला जाऊन लागला. गाडी नुसत्या रिमवर खरडत राहिली, उलटली.

"ग्लू बोगस!" सगळ्यात आधी सुनील ओरडला. "वहिनींच्या दुकानातला हाय. मी पयल्यापासून सांगत हुतो सोल्युशन लाव म्हणून!" आणि तो थुंकला. गर्दीतल्या चौघांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्यातले तिघे माझे गिऱ्हाईक.

दळवी सर शांत होते. "होतं असं. शिळा ग्लू धरत नाही," ते आदिनाथला म्हणाले. "बाकी जोडणी नीट केलीयस. पुढच्या रविवारी पुण्याला ये. दुसरा ग्लू लावून पुन्हा दहा फेऱ्या बघू."

आदिनाथचे खांदे खाली आले. त्यानं श्वास सोडलेला मला दिसला.

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

"ग्लू शिळा नाही," मी म्हणाले. "सोमवारीच माल आलाय. टायरला पॉलिश फासलंय. काल संध्याकाळी यांनीच माझ्याकडून नेलं."

दळवी सर वाकले. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग गाडी उचलून उरलेले तीन टायर अंगठ्यानं रेटले. तिन्ही केळ्याच्या सालीसारखे उतरले.

"लावण्याआधी पुसलं नव्हतंस?"

"काल पुसलं हुतं, सर."

"आज?"

आदिनाथनं मामाकडं पाहिलं. मामा दूर लिंबाच्या फोडींकडं बघत होता. त्यानं हे प्रेमानं केलं की पोटदुखीनं, मला आजही ठरवता येत नाही.

"आज न्हाई पुसलं," आदिनाथ म्हणाला.

"ग्लू वाईट निघाला तर मी समजू शकतो," दळवी सर म्हणाले. "पण लावायच्या आधी बघायचं नाही, हे माझ्याकडं चालत नाही. लोकांच्या महागाच्या गाड्या असतात. राहू दे." त्यांनी टायर आदिनाथच्या हातात दिला आणि बोट रुमालाला पुसत पुढच्या गाडीकडं गेले.

सुनील माझ्या अगदी जवळ आला. तंबाखूचा भपका आला.

"वहिनी, तुमी बोलाय नको हुतं."

त्या माणसाचं म्हणणं खरं निघावं याची मला किळस आली, आणि ती एकट्या त्याचीच नव्हती, स्वतःचीही होती.

आदिनाथ मातीत बसून चारही टायर गोळा करत होता. मी जवळ गेले. त्यानं वर पाहिलं नाही.

"तुमचा ग्लू चांगलाच हाय, काकू," तो म्हणाला. "कुणी इचारलं तर मी सांगंन."