सुमित्राबाईंची बोळवण

ब्याऐंशी सालची गोष्ट. अल्लीपूरच्या सुमित्राबाई म्हणजे वावरातला साप काठीने हाकलणाऱ्या, पण एसटीचं नाव काढलं की हातापायातलं बळ जायचं. तीन वर्षांपूर्वी भर गर्दीच्या गाडीत त्यांची छाती धडधडली, श्वास अडकला, आता मरतेच असं वाटलं आणि त्या रस्त्यातच उतरल्या. तेव्हापासून गाव सोडलं नव्हतं. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. आता मात्र लेक गुलाबचं दुसरं बाळंतपण सासरी, सेलूला होणार होतं. बारशाला आईच नाही म्हणजे काय शोभा राहिली!

बाजाराच्या दिवशी गावच्या दवाखान्यात वर्ध्याहून मनाच्या आजारांची डॉक्टरीण यायची. तिने छाती तपासली आणि हसली. "हृदय ठणठणीत आहे, मावशी. घाबरलंय ते मन. रोज दुपारी उभ्या गाडीत जाऊन बसा. भीती आली तरी पळायचं नाही. ती ओसरते. ओसरली की मगच उतरायचं."

इथवर सगळं सरळ. पण डॉक्टरीणबाईंना आमच्या बाया कुठे ठाऊक! पहिल्याच दिवशी सुमित्राबाई गाडीकडे निघाल्या आणि शेजारची रुख्माबाई कुंकवाची डबी घेऊन धावली. गावाला जाणाऱ्या बाईला कोऱ्या कपाळाने सोडायचं? छे! मागोमाग चौघी आल्या. ओटी भरली, गुलाबसाठी शेवया दिल्या, एकीने तर रडूनही घेतलं. अर्ध्या तासाने सुमित्राबाई शेवयांसकट परत! बोळवण झालेलं माणूस माघारी आलं म्हणजे अपशकुन, म्हणून दारात उभं करून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात गल्लीतली कुत्री लठ्ठ झाली.

"गाडीचं भेव कमी झालं, बाई," सुमित्राबाईंनी डॉक्टरीणबाईंना गाऱ्हाणं सांगितलं, "पण ह्या बायांचं वाढून राह्यलं!"

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. मग रुख्माबाईला बोलावून बजावलं, "औषध चालू आहे. बारशापर्यंत कुंकू बंद."

रुख्माबाईने तोंड फुगवलं, पण ऐकलं. सुमित्राबाई रोज बसत गेल्या. पुढे गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत जायला लागल्या. कंडक्टर चंद्रभान तिथे घंटी मारून त्यांना उतरवायचा आणि म्हणायचा, "उद्या येजा, मावशी."

बारशाचा दिवस उजाडला. पिशवीत झबलं-टोपडं घेऊन सुमित्राबाई निघाल्या तर गल्लीत चिटपाखरू नाही. त्यांना फार वाईट वाटलं. खरी बोळवण होती, आणि आजच कोणी नाही! गाडी हलली तशी छाती धडधडायला लागली, अगदी पहिल्या दिवसासारखी. नाका आला. चंद्रभानने सवयीने घंटी मारली. गाडी थांबली, दार उघडलं. उतरायला काय, दोन पावलं!

तेवढ्यात खिडकीतून हात आला. रुख्माबाई! मागे चौघीही उभ्या. सगळ्या आधीच नाक्यावर येऊन थांबल्या होत्या.

"बारशापर्यंत बंद होतं नं? आज बारसं हाय!" असं म्हणून तिने कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. "येजो बाई. नातवाले माहा मुका देजो."

"मावशी, उतरता का?" चंद्रभानने विचारलं.

 सुमित्राबाईंनी खिडकीबाहेरच्या पाचही जणींकडे पाहिलं.

"आता कशी उतरू, बाप्पा? ह्या पुन्हा तुकडा ओवाळतीन! मार घंटी."

गाडी सुटली. छाती बराच वेळ धडधडत होती. ती केव्हा थांबली ते सुमित्राबाईंना कळलंच नाही, कारण तोवर त्या शेजारच्या बाईला झबलं उलगडून दाखवत होत्या.