भुवईवरून छातीकडे

माघातले उतरते ऊन प्रशिक्षणगृहाच्या जाळीतून आत येई आणि सगळ्यांना ओलांडून नेमके कोंडाबाईंच्या हातांवर थांबे. कापूस वेचून चिरत गेलेली ती बोटे उजेडात हलू लागली, की समोरच्या खाकी रांगांतली कुजबुज आपोआप विझे.

कर्णबधिर व्यक्तींशी पोलिसांनी कसे वागावे, हे शिकवायला मला परभणीला बोलावले जाई. माझ्यापाशी वाचा-श्रवणशास्त्राची पदवी होती, नेटके तक्ते होते. झरीहून बसने येणाऱ्या कोंडाबाईंपाशी एकच खूण होती. त्यांचा जन्मापासून बहिरा मुलगा मुंजा आठवडी बाजारातून परतताना मागून आलेल्या पोलिसाच्या ‘थांब’ला थांबला नाही, पाठीत काठी बसली, तो धावत सुटला आणि तीन वर्षे झाली तरी घरी आला नाही. शाळा न पाहिलेल्या त्या जिवाला आईने घरात घडवलेल्या खुणांवाचून दुसरी भाषा नव्हती. त्याच्या डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण होता. म्हणून त्याला हाक मारायची तर आधी भुवईवरून अंगठा ओढायचा, मग तळहात स्वतःच्या छातीवर टेकवायचा: मुंजा, माझा.

“मावशी, ही चंद्रकोर काढायलात का?” एका हवालदाराने छेडले.

“चंद्र तर तुमच्या टोपीखाली हाय, साहेब.”

वर्ग हसला, टक्कल चोळत हवालदारही हसला. हसण्यात त्या मात्र नव्हत्या. त्यांचा तळहात अजून छातीवरच होता, एखाद्या मिटलेल्या दारावर ठेवावा तसा.

पोलिसांसाठी वर्गाची पुस्तिका छापताना मी ती खूण अर्धी केली. छातीवरचा हात स्वामित्वदर्शक आहे, नामाचा घटक नव्हे. शिवाय पोलिसाने कुणाला ‘माझा’ म्हणणे विसंगत, असे माझे निर्दोष विश्लेषण होते. ते ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “म्याडम, तेवढं ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर तो जवळ येणार न्हाई.”

मी ते राहू दिले नाही.

पुढच्या हिवाळ्यात बोरीकडच्या रस्त्यावर, संधिप्रकाश तुरीच्या शेंड्यांवर राखेसारखा बसत असताना, एका शिपायाला भुवईवर व्रण असलेला अबोल माणूस दिसला. शिपाई वर्गाला आलेला नव्हता. त्याने फक्त माझी पुस्तिका वाचली होती. त्याने भुवईवरून अंगठा ओढला. तो माणूस जागीच थबकला, त्या हाताकडे पाहत राहिला, जणू अजून काही यायचे होते. शिपायाचा हात खाली गेला. तो माणूस वळला आणि उभ्या तुरीत दिसेनासा झाला. पुढे शोध झाला. कुणी सापडले नाही.

हे सांगायला मी झरीला गेले, तेव्हा कोंडाबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “छातीवर हात ठिवला व्हता का त्यानं?”

मी नकारार्थी मान हलवली. त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. वाळल्या टरफलांचा तो बारीक कडकडाट माझ्यासोबत परतीच्या बसपर्यंत आला. त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत.

आता पुस्तिका दुरुस्त झाली आहे. माघातले तेच ऊन जाळीतून येते, रिकाम्या खुर्चीवर थांबते, आणि माझ्यामागोमाग चाळीस तळहात चाळीस खाकी छात्यांवर टेकतात. स्मृती बहुधा अशीच असते: हाक पूर्ण करायला आपण शिकतो, तोवर वळून पाहणारा दूर गेलेला असतो.