चौथी पिन

स्टोअरकीपरला गप्प बसायची सवय नव्हती, हे त्या दिवशी एकशे बारा माणसांच्या पथ्यावर पडलं.

सकाळी साडेनऊला ती हातमोजे घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी गेली, तेव्हा तो कुरकुरतच होता. "तुमच्या भाऊजींना सांगा हो, ही पिन घेऊन जा म्हणावं. काल शेपटीच्या कामाला चार मागितल्या. तीन हाताशी होत्या, चौथी मी आतून शोधून आणली, तर हे गायब!"

ती विमानदुरुस्तीच्या या हँगरमधली तपासणी इंजिनिअर. प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची, म्हणून पाठीमागे तिला सगळे 'शंकेश्वरी' म्हणायचे. भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, इथले सर्वांत जुने मेकॅनिक. तिला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"कुठल्या विमानाची शेपटी?" तिने विचारलं.

स्टोअरकीपरने काचेतून बाहेर बोट दाखवलं. जिन्यावरून प्रवासी वर चढत होते.

ती पळतच निघाली. शेपटीतल्या आडव्या फळ्या हलल्या की विमानाचं नाक वर-खाली होतं. त्या फळ्यांच्या दांड्यांना चार बोल्ट होते आणि थरथरीने नट सुटू नये म्हणून प्रत्येक नटात एक पिन. चार नट, तीन पिना. हा हिशोब जुळत नव्हता.

भाऊजी टायरपाशी वाकले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला आणि मग एकदम लाल झाला.

"कागदावर माझी सही आहे ना? तीस वर्षांत माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही."

"भाऊजी, सहीवर नाही, पिनेवर बोट ठेवतेय. चौथी लावली का, एवढंच सांगा."

"लावली असणार."

"असणार?"

ती वळली आणि तिने विमान थांबवायला सांगितलं.

हँगरचे साहेब धापा टाकत आले. "लोक बसलेत आत! एका पिनेसाठी सगळ्यांना खाली उतरवू? जुनी पिन सापडली असेल, तीच लावली असेल."

"मग उघडून बघू. मी तोंडावर पडले, तर तुम्ही म्हणाल ते."

वादाचा आवाज ऐकून कॅप्टन खाली आली. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि टोपी काखेत मारली. "या बाईंनी हो म्हटल्याशिवाय मी ब्रेक सोडणार नाही. उतरवा सगळ्यांना."

प्रवासी चडफडत उतरले. शिडी लागली. ती वर चढली आणि तिने पहिलं झाकण उघडलं. पिन होती. दुसरं उघडलं. पिन होती. तिसरीही जागेवर, पाय नीट दुमडलेले. खाली कुणीतरी म्हणालं, "झालं, डोंगर पोखरून उंदीर." साहेबांनी घड्याळ बघितलं. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. चौथा बोल्ट कोपऱ्यात, दांडीच्या आड होता. डोकं आत जाईना, म्हणून तिने टॉर्च तोंडात धरला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

नटाचं भोक रिकामं होतं. तिने नटाला दोन बोटं लावली. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

"साहेब," ती वरून ओरडली, "वर या! स्वतःच्या बोटांनी फिरवून बघा!"

साहेब वर गेले, नट फिरवून बघितला आणि मान हलवत खाली आले. कॅप्टनने शिडीचा कठडा घट्ट धरला. "हवेत बोल्ट निसटला असता, तर मी कितीही ओढलं असतं, तरी नाक ऐकलं नसतं."

तेवढ्यात भाऊजी पुढे आले. सगळ्यांसमोर, मान खाली न घालता.

"चूक माझी आहे. तीन पिना लावल्या, चौथा नट हाताने बसवला आणि पिन आणायला निघालो. वाटेत दुसऱ्या विमानाच्या टायरसाठी हाक आली. परत आलो तर दुसऱ्या कुणी झाकणं लावलेली. मी सगळं झालं असं धरून सही केली. उघडून बघितलं नाही." मग ते मेहुणीकडे वळले. "पोरी, मघाशी तुझ्यावर ओरडलो. मला माफ कर."

"ते घरी बघू," ती म्हणाली. "आधी पाना द्या."

भाऊजींनी पाना दिला. तिने नट मापाने आवळला, पिन घातली, पाय दुमडले. दुसऱ्या एका इंजिनिअरने स्वतः हात घालून खात्री केली. कॅप्टनने आतून दांडा पुढे-मागे ओढला. शेपटीच्या फळ्या सरसर वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या.

प्रवासी परत चढताना कॅप्टन जिन्यापाशी उभी राहिली. उशीर का झाला, ते तिने आडपडदा न ठेवता सांगितलं आणि शिडीजवळच्या ग्रीसने माखलेल्या बाईकडे हात केला. आधी कुणालाच काय करावं कळेना. मग एका म्हाताऱ्या आजींनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

साडेबाराला विमान धावपट्टीवर वळलं. हँगरमधले सगळे हातातली कामं टाकून दाराशी आले. विमान धावलं, त्याने नाक उचललं आणि अलगद जमीन सोडली. साहेबांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

भाऊजींना महिनाभर सहीचा अधिकार नव्हता. त्यांनी हुज्जत घातली नाही. त्या महिन्यात त्यांनी नव्या मेकॅनिकांचा वर्ग घेतला आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर स्वतःची चूक पायरीपायरीने लिहिली. दुसरा माणूस बघेपर्यंत झाकण लावायचं नाही, हा नियम त्याच आठवड्यात लागू झाला.

मागच्या बाकावर ती बसली होती. भाऊजींनी खडू खाली ठेवून विचारलं, "काही राहिलं का गं?"

"थांबा, दोनदा बघून सांगते," ती उठत म्हणाली.

सगळा वर्ग हसला, आणि सर्वांत मोठ्याने भाऊजी.