नाव सांगितलं की गुण जातो?

"काय देत होता यांना? नाव सांगा!" गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर तिसऱ्यांदा विचारत होते आणि केशोरी गावचे उदाराम खाली मान घालून उभे होते. खाटेवर त्यांची बायको शामकला, तोंड आणि पाय सुजलेली. गुडघ्यांसाठी दोन वर्षं ती नवऱ्याच्या हातची पुडी रोज घेत होती. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली होती.

उदाराम धान पिकवणारा माणूस, पण आसपासच्या गावांत ओळख जडीबुटीवाला म्हणून. वडिलांनी मरताना शपथ घातली होती: औषध फुकट द्यायचं आणि मुळाचं नाव कुणाला सांगायचं नाही, नाव सांगितलं की गुण जातो. पहिल्या अटीचं कौतुकच करावं. दुसरीचा मात्र मला संताप येतो! बायको मरणाच्या दारात, आणि हा शपथ सांभाळत बसला!

मुलगी चेतना गोंदियातच औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. तिनं बापाच्या पिशवीतली पुडी उघडली, हुंगली, मुळाचा तुकडा उजेडात धरला.

"बाबा, हे सापसंद आहे का? काऊन बोलत नाही?"

"शपथ आहे पोरी. नाव घेतलं त गुण जाते."

"गुण जाते? मायची किडनी गेली, त्याचं काई नाई?" चेतना ओरडलीच. "सापसंदाच्या कुळात अॅरिस्टोलोकिक नावाचं आम्ल असते. ते मूत्रपिंडात जाऊन पेशींच्या डीएनएले चिकटते. मूळ उकळलं तरी जात नाही. पुढं कॅन्सर बी होऊ शकते!"

"झाडपाल्यानं कुठं नुकसान होते? माह्या बापानं, आज्यानं हेच दिलं."

"त्याईचं औषध घेऊन कोण सुजून मेलं, कोणी लिहून ठेवलं का? हिवतापाचं औषध बी झाडातूनच आलं, बाबा. पण लोकाईनं त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, किती द्यायचं ते ठरवलं, डबीवर नाव छापलं. तुमी नावच लपवता! मंग डॉक्टरनं इलाज कायचा करावा?"

उदारामांनी पुडी तिच्या हातून घेऊन परत पिशवीत घातली. तेव्हा शामकलेनं डोळे उघडले.

"सांगून टाका ना जी. मी मेल्यावर कोणाले सांगान?"

"सापसंद!" उदाराम इतक्या जोरात बोलले की शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. "साहेब, सापसंदाचं मूळ होतं!"

डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं. "आता उरलेलं वाचवायचा प्रयत्न करता येईल. गेलेलं परत येणार नाही."

शामकला जगली. पण ती घरी यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, उदाराम चेतनाला घेऊन केशोरीत दारोदार फिरले. पुडी गेलेली अकरा घरं होती. प्रत्येक दारात ते मुळाचं नाव मोठ्यानं सांगत, उरलेली पुडी परत मागत आणि रक्त तपासून घ्यायला बजावत.

चुन्नीलाल नावाचा म्हातारा चिडला. "नाव सांगून गुण घालवला ना तू, उदाराम!"

"गुण नव्हता, दादा," उदाराम म्हणाले. "जहर होतं. नाव लपवून मी तेच सांभाळलं, आन बायकोले पाजलं."

लोकहो, देणारा कितीही सज्जन असो, ज्या औषधाचं नाव सांगायची बंदी आहे ते तोंडात घालू नका. आणि डॉक्टरनं विचारलं तर घेतलेली पुडी लपवू नका. उदारामांनी शपथ मोडली ती दोन वर्षं उशिरा. तुम्ही तेवढी वाट पाहू नका!