फिका चहा

शिवाजी पेठेत सायकलचं दुकान चालवणाऱ्या सिद्धलिंगला चहा सोड म्हणणं म्हणजे पाण्यात बसलेल्या म्हशीला ऊठ म्हणणं. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याची छाती धडधडायला लागली, तेव्हा तपासून झाल्यावर डॉक्टरनं तडजोड काढली. "चहा सुटतच नसेल तर फिका द्या." डॉक्टर नवीन, पुण्याकडचा. त्याच्या मनात फिका म्हणजे कमी पावडरीचा. सिद्धलिंगच्या बायकोच्या, अक्काताईच्या माहेरी, गडहिंग्लजला, फिका म्हणजे बिनसाखरेचा. तिनं मान हलवली, डॉक्टरनं पुढचा पेशंट बोलावला आणि तिथंच ध चा मा झाला.

घरी आल्या आल्या तिनं नवऱ्याची साखर तोडली.

"ह्यो चहा हाय का काढा?" पहिल्याच घोटाला सिद्धलिंगनं तोंड वाकडं केलं.

"डॉक्टरनं सांगितलंय. गुमान प्या."

पण त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. गोडी गेली तर गेली, निदान तरतरी तरी येऊ दे, म्हणून ती चमचाभर पावडर जास्त घालायला लागली. उकळायची तर इतकं की पातेल्यात चहा काळाकुट्ट व्हायचा. दुपारी त्याच चोथ्यात पाणी ओतून, वर नवी पावडर टाकून परत उकळी. मायेला डोळे नसतात म्हणतात. हिच्या मायेला तर कानही नव्हते, एकदा परत विचारावं की त्या डॉक्टरला!

सिद्धलिंगची झोप उडाली. धडधड वाढली तसा अक्काताईला संशय आला, हा माणूस चोरून साखर खातोय. तिनं शेजारच्या हॉटेलवाल्या बाळासोलाच जाऊन दम दिला. "ह्यास्नी गोड चहा दिलासा तर माझ्याशी गाठ हाय." सणासुदीला सिद्धलिंग चिमूटभर साखरेसाठी लहान पोरासारखा मागं लागायचा. ती काळजावर दगड ठेवून नाही म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

दसरा झाला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरनं विचारलं, "काकी, चहा कसा देत होता?"

"फिकाच की. साखरेचा कण न्हाय," ती ठसक्यात म्हणाली. "पावडर तेवढी सढळ हातानं घालतीया. चांगला उकळून उकळून."

डॉक्टरनं हातातला केसपेपर खाली ठेवला. "साखरेचं मी बोललोच नव्हतो. पावडर जितकी जास्त आणि उकळणं जितकं जास्त, तितकं त्यातलं कॅफिन चहात उतरतं. त्यानंच झोप जाते, छाती धडधडते. थोड्याशा पावडरीवर गरम पाणी ओतायचं आणि लगेच गाळायचं. साखर त्यांना चालली असती."

"अय्यो शिवा! म्हंजे मीच..."

"नुसत्या चहानं झालं असं नाही. हृदय आधीच थकलंय."

ती ऐकायला थांबलीच नाही. घरी गेली, डॉक्टरनं सांगितला तसा चहा केला, दूध-साखर घातली आणि थर्मास घेऊन परत आली. सिद्धलिंगला उशीला टेकवून बसवलं, कप हातात दिला.

त्यानं घोट घेतला. तोंडात तसाच धरला. मग कपाकडं बघितलं, मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं.

"डॉक्टरनं हात टेकलं व्हय गं?"

"न्हाय वो! साखर चालतीया तुमाला. माझंच चुकलं. फिका म्हंजे मला वाटलं..." तिनं सगळं सांगितलं, रडत, अडखळत, देवाची शपथ घालून.

तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. त्याला त्यातलं एक अक्षरही पटलं नव्हतं. "माझ्या बापालाबी शेवटाला असंच, मागंल ते दिलतं आमी," तो म्हणाला. "पवित्राला बोलवून घे. आजऱ्यास्नं एष्टीला येळ लागतोय."

लेकीचं नाव ऐकताच अक्काताईनं त्याचा हात घट्ट धरला. "माझं ऐका की वो!"

त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला. "रडू नगंस," तो म्हणाला. "चहा झ्याक झालाय."